आडनाव नको, मुद्दा सांगा

(बोललेला भाग जवळजवळ तसाच उतरवलाय. ‘म्हणजे’, ‘ॲक्च्युअली’ आणि मधली शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी तेवढी काढून टाकलीय.)

बसमध्ये ऐकत असाल तर बसायला जागा मिळाली असेल अशी आशा करते. गाडी चालवत असाल तर मला नंतर ऐका, मी कुठे पळून जात नाही.

आजचा विषय तुम्हीच दिलाय. बऱ्याच जणांचे मेसेज फिरून एकाच प्रश्नावर येत होते. एकाने लिहिलं, “ताई, अनोळखी लोकांशी ऑनलाइन राजकारणावर भांडण्यात काही अर्थ आहे का? दोन तास जातात, डोकं फिरतं, आणि समोरचा होता तिथेच असतो.” एकीने लिहिलं, “मी आता कुठेच कमेंट करत नाही. आई म्हणते, कशाला अंगावर ओढवून घेतेस?”

दोघांचंही म्हणणं मला कळतं. आणि तरीही मी वाद घालते. राजकारणावर घालते, टेक्नॉलॉजीवर घालते, आणि जिथे दोन्ही एकमेकांत अडकलेत, म्हणजे आधार, ईव्हीएम, एआय वगैरे, तिथे तर घालतेच घालते. पण सरसकट नाही. वाद एका ठरावीक ठिकाणी वळला की मी बाहेर पडते. ते ठिकाण कोणतं, एवढंच आज सांगायचंय. आणि हे मी हडपसरमध्ये बसून सांगतेय, त्यालाही कारण आहे. ते पुढे येईलच.

बग कुणी शोधला?

आधी माझ्या कामाबद्दल थोडं. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसऱ्याने बनवलेल्या ॲपमध्ये चुका शोधायच्या, याचे मला पगार मिळतात. म्हणजे बघा, अनोळखी माणसाशी ‘तुझं चुकलंय’ असं बोलणं हा माझा रोजचा धंदाच आहे.

आता समजा मी डेव्हलपरला लिहिलं, “तुमचं ॲप भंगार आहे.” तो काय करेल? काहीच नाही. मनात शिवी देईल आणि चहा प्यायला जाईल. पण मी लिहिलं, “अमुक फोनवर, अमुक बटण दोनदा दाबलं की पैसे दोनदा कापले जातात, एकदाच कापले जायला हवेत,” तर त्याला काम करावंच लागतं. तो माझ्यावर चिडला तरी करावं लागतं. कारण तो ते स्वतःच्या फोनवर करून बघू शकतो. मी पुण्याची की परभणीची, बाई की पुरुष, मत कुणाला देते, याने त्या बगला काडीचा फरक पडत नाही.

आता आपल्या मराठी कमेंट्सकडे या. तुम्ही लिहिलंत, “हा उड्डाणपूल चुकीच्या जागी बांधलाय.” पहिलं उत्तर काय येतं? पुलाबद्दल येत नाही. आधी तुमचं प्रोफाइल उघडलं जातं. आडनाव वाचलं जातं. आडनावावरून जात, जातीवरून पक्ष, पक्षावरून ‘तुम्ही लोक’. चार सेकंदांत तुमचा पूल गेला आणि तुमचे पणजोबा चर्चेत आले. नाव मुलीचं असेल तर आणखी एक पायरी वाढते. फोटो बघितला जातो, आणि मग काय येतं ते इथल्या मुलींना मी वेगळं सांगायला नको.

मी ज्या ठिकाणाबद्दल म्हणत होते, ते हेच. ‘काय म्हणतोस’ सोडून वाद ‘कोण आहेस’कडे वळतो, ती जागा. हे वळण फार लवकर येतं, आणि ते येताना आवाज होत नाही.

आपल्याकडे यावर जुन्या लोकांनी विचार केलेला आहे बरं का. गौतमाच्या न्यायसूत्रांत वादाचे तीन प्रकार सांगितलेत. वाद, जल्प आणि वितंडा. ‘वाद’ म्हणजे खरं काय ते दोघांनी मिळून शोधणं. ‘जल्प’ म्हणजे फक्त जिंकण्यासाठी बोलणं. आणि ‘वितंडा’ म्हणजे स्वतःचं काहीच मांडायचं नाही, फक्त समोरच्याचं पाडायचं. आपण रोज म्हणतो ना, ‘उगाच वितंडवाद नको’, तो शब्द तिथला. म्हणजे ट्रोलिंगला आपल्या भाषेत केव्हापासून नाव आहे. फक्त तेव्हा वितंडा घालणाऱ्याला लाइक मिळत नव्हते.

२ जून २०१४

आता हडपसर.

तुमच्यातले बरेच जण तेव्हा शाळेत असतील, म्हणून सांगते. मे २०१४ संपत होता. लोकसभेची निवडणूक नुकतीच झाली होती, दिल्लीत नवं सरकार आलं होतं. त्याच दिवसांत फेसबुकवर छत्रपती शिवाजी महाराज आणि बाळासाहेब ठाकरे यांचे छेडछाड केलेले, अपमान करणारे फोटो फिरायला लागले. लोक संतापले. पुण्यात दगडफेक झाली, पीएमपीच्या बस फोडल्या गेल्या, दुकानं बंद झाली.

२ जूनच्या रात्री, सोमवारी, इथे हडपसरमध्ये एक तरुण नमाज पढून मित्राबरोबर परत येत होता. मूळचा सोलापूरचा, पुण्यात आयटीत नोकरी करणारा. म्हणजे आपल्यातलाच. जमावाने त्याला गाठलं आणि मारहाण केली. तो गेला.

त्याचं नाव मी मुद्दाम घेत नाहीये. त्याच्या घरच्यांनी पुष्कळ सोसलंय.

त्या पोस्टशी या मुलाचा काही संबंध नव्हता. कुणी त्याला विचारलंही नाही की बाबा, तू काय लिहिलंयस. दाढी आणि टोपी बघितली आणि ‘कोण’ ते ठरवून टाकलं.

पुढचंही सांगते, कारण अर्धी गोष्ट सांगणं बरं नाही. या खटल्यात बऱ्याच जणांना अटक झाली. २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिघा आरोपींना जामीन दिला. मरण पावलेला मुलगा दुसऱ्या धर्माचा होता, ही बाब त्या आदेशात आरोपींच्या बाजूने विचारात घेतली गेली होती. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला आणि न्यायालयांनी देशातल्या विविधतेचं भान ठेवून लिहावं, असं बजावलं. शेवटी जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने पुराव्याअभावी आरोपींना निर्दोष सोडलं. कायद्याच्या दृष्टीने तिथे ते निर्दोष आहेत, आणि मीही तसंच म्हणेन. पण म्हणजे हडपसरमध्ये एक मुलगा मारला गेला आणि साडेआठ वर्षांनी त्याला कुणी मारलं याचं उत्तर कोर्टाच्या कागदावर नाही.

मी हे का सांगतेय? कारण आपल्याला वाटतं ऑनलाइन वाद हवेत असतो. फोन खिशात टाकला की संपला. तसं नसतं. तो वाद कुठेतरी खाली उतरतो, आणि उतरतो तेव्हा ज्याने लिहिलं त्याच्याच दारात उतरेल असं नाही. जो समोर सापडेल त्याच्यावर उतरतो.

आणि त्या फोटोंबद्दल एक गोष्ट लक्षात घ्या. असा फोटो वाईट हेतूने पाठवणारे थोडे असतात. ‘बघा, काय चाललंय’, ‘निषेध!’ असं लिहून पाठवणारे पुष्कळ असतात. पण निषेध म्हणून पाठवलेला फोटोसुद्धा पोचतोच. फोटोला तुमचा हेतू माहीत नसतो.

लाइक केलं म्हणून अटक

आता तुम्ही म्हणाल, मग सरकारने लोकांच्या लिहिण्यावर बंदी घालावी का? तेही आपल्या राज्यात करून झालंय.

नोव्हेंबर २०१२. बाळासाहेब ठाकरे गेले आणि मुंबई बंद होती. पालघरमधल्या एका मुलीने फेसबुकवर लिहिलं की असा बंद कशासाठी? तिच्या मैत्रिणीने ते लाइक केलं. दोघींना अटक झाली. पोस्ट लिहिणाऱ्या मुलीच्या काकांचा दवाखाना फोडला गेला. बघा परत, काकांनी काय लिहिलं होतं? काही नाही. ते फक्त काका होते.

त्या वेळी माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम ६६अ होतं. ‘त्रासदायक’ वाटेल असं काही पाठवलं तरी त्यात अटक व्हायची. आता त्रास कशाचा होईल? मला तर सकाळी सहाला आलेल्या ‘शुभ प्रभात’च्या गुलाबाचाही होतो. या पालघरच्या प्रकारानंतर श्रेया सिंघल ही तरुणी सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केलं.

त्या निकालातली एक गोष्ट प्रत्येकाने फोनच्या मागे चिकटवून ठेवावी अशी आहे. न्यायालयाने बोलण्याचे तीन टप्पे वेगळे केले. एखाद्या विषयावर चर्चा करणं, एखाद्या मताचा पुरस्कार करणं, आणि चिथावणी देणं. पहिली दोन कितीही कडू लागली तरी तो आपला हक्क आहे. बोलणं चिथावणीपर्यंत पोचलं की मगच कायदा मध्ये येऊ शकतो. धर्म किंवा जातीवरून समाजात वैर पसरवणं हा आजही गुन्हा आहे. आधी भारतीय दंड संहितेत १५३अ होतं, आता भारतीय न्याय संहितेत १९६ आहे.

म्हणजे हडपसर आणि पालघर, दोन्हीकडे नेमकं उलटं झालं. चिथावणी होती तिथे वेळेत कुणी थांबवलं नाही, आणि साधा प्रश्न होता तिथे पोलीस पोचले.

टोपणनाव म्हणजे भित्रेपणा का?

एक आक्षेप नेहमी येतो. “हिंमत असेल तर खऱ्या नावाने बोल.” ऐकायला बरं वाटतं. पण १८४८ साली मुंबईच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात एक माणूस पत्रं लिहायला लागला. ब्राह्मणांच्या दोषांवर, इंग्रजी राज्यावर, विद्येवर, बायकांच्या स्थितीवर. सही असायची ‘लोकहितवादी’. तेच शतपत्रांचे गोपाळ हरी देशमुख. वाचणाऱ्याला आडनाव मिळत नव्हतं, त्यामुळे राग आला तरी मुद्द्यावर यावं लागत होतं.

आणि खऱ्या नावाने लिहिणाऱ्यांचं काय झालं? गोपाळ गणेश आगरकर. ‘केसरी’चे पहिले संपादक. पुढे मतभेद झाले, १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ काढला आणि समाजसुधारणेवर उघड नावाने लिहिलं. विरोधकांनी याच पुण्यात त्यांची जिवंतपणी अंत्ययात्रा काढली. सुधारणेच्या मुद्द्यावर उत्तर काय, तर तिरडी. तेव्हा फोन नव्हता, इंटरनेट नव्हतं. ‘काय’ सोडून ‘कोण’वर जाण्याचा रोग मोबाइलने आणला असं मी म्हणणार नाही. मोबाइलने त्याला वेग दिला. ॲप कमेंट मोजतं, त्यातली सहमतीची किती आणि शिव्या किती याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. ज्या पोस्टवर भांडण जास्त, ती पोस्ट जास्त लोकांपुढे जाते. मग आपण चिडून दिलेलं उत्तर हीच त्या पोस्टची जाहिरात होते.

म्हणून समोरचं अकाउंट बिननावाचं आहे एवढ्यावरून मी कुणाला भित्रा म्हणत नाही. मी एवढंच बघते की त्या टोपणनावाआडून तो मुद्दा सांगतोय की दगड मारतोय.

वाघाच्या फोटोवाला

आता एक वाद सांगते, जो मला घालावासा वाटला. विधानसभेचा निकाल लागला २३ नोव्हेंबर २०२४ ला. इथे हडपसरमध्ये चेतन तुपे जिंकले, प्रशांत जगताप सुमारे सात हजार मतांनी हरले. दोन्हीकडे घड्याळ आणि तुतारी, म्हणजे एकाच घरातलं भांडण, त्यामुळे सोसायटीच्या ग्रुपवर पण तापलं होतं. जगतापांनी मशीनच्या पडताळणीसाठी अर्ज केला, आणि सगळीकडे ईव्हीएमचा विषय पेटला.

त्या दिवसांत एका अकाउंटने माझ्या पोस्टखाली लिहिलं. नाव नाही, डीपीवर वाघ.

“मॅडम, मशीन सेट असतं. आयटीवाल्यांना काय कळणार.”

बघा, वळण तिथेच होतं. ‘आयटीवाल्यांना’. मी ते शब्द तसेच सोडून दिले आणि टेस्टरचा प्रश्न विचारला. “सेट म्हणजे नक्की कधी? कारखान्यात, चिन्हं भरताना, मतदानाच्या दिवशी, की मोजणीला?”

बराच वेळ काही आलं नाही. मग आलं, “ते मला कसं माहीत असणार? तुम्हीच सांगा.”

मग मी सांगितलं. आपण बटण दाबतो ते बॅलट युनिट, अधिकाऱ्याकडे असतं ते कंट्रोल युनिट, आणि मध्ये व्हीव्हीपॅट. यातलं काहीही इंटरनेटला किंवा कुठल्या नेटवर्कला जोडलेलं नसतं. व्हीव्हीपॅटच्या काचेत चिठ्ठी सात सेकंद दिसते आणि पेटीत पडते. २०१९ पासून प्रत्येक विधानसभा मतदारसंघातली कुठलीही पाच केंद्रं चिठ्ठ्या टाकून निवडतात आणि त्यांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मोजून मशीनच्या आकड्याशी ताडून बघतात.

तो म्हणाला, “मग सगळ्याच का मोजत नाहीत?”

हा प्रश्न चांगला आहे. हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला होता. २६ एप्रिल २०२४ च्या निकालात न्यायालयाने सगळ्या चिठ्ठ्या मोजण्याची मागणी फेटाळली, कागदी मतपत्रिकेची मागणीही फेटाळली. पण एक दार उघडलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाचा उमेदवार निकालानंतर सात दिवसांत अर्ज करून पाच टक्के मशीनमधल्या मायक्रोकंट्रोलरची तपासणी मागू शकतो. आपल्या जगतापांचा अर्ज त्याच दारातून गेला. त्या वेळी एका संचाची फी होती ४७,२०० रुपये. गडबड सापडली तर पैसे परत.

त्यावर त्याने लिहिलं, “म्हणजे शंका घ्यायलाही पैसे लागतात.”

मला हसू आलं, पण मुद्दा होता. मी त्याला जर्मनीची गोष्ट सांगितली. २००९ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने मतदान यंत्रांचा वापर घटनेत बसत नाही असं सांगितलं. यंत्र हॅक झालं असं न्यायालयाने म्हटलं नव्हतं. ते म्हणालं, मतमोजणीच्या महत्त्वाच्या पायऱ्या साध्या नागरिकाला, विशेष ज्ञान नसताना, तपासता आल्या पाहिजेत. जर्मनीची यंत्रं वेगळी होती, त्यांना अशी कागदी चिठ्ठी नव्हती, हेही मी त्याला सांगितलं. कारण आपल्या सोयीचं तेवढं सांगणं म्हणजे जल्पच की.

मग मी विचारलं, “तुमचं म्हणणं काय आहे? मशीनमध्ये गडबड झाली, की गडबड झाली नाही हे मला माझ्या डोळ्यांनी तपासता येत नाही?”

“दुसरं,” तो म्हणाला.

“मग पहिलं का लिहिता? पहिल्याला पुरावा लागतो. दुसरी मागणी आहे, ती उघड करता येते.”

आणि त्याने जे उत्तर दिलं ते मी अजून विसरले नाहीये. तो म्हणाला, “ताई, पहिलं लिहिलं की दोनशे लाइक येतात. दुसरं लिहिलं की कुणी बघत नाही.”

एवढा प्रामाणिक माणूस मला त्या आठवड्यात दुसरा भेटला नाही. मॅडमची ताई झाले, ते वेगळंच.

तो सोलापूर जिल्ह्यातला होता, असं त्याने नंतर सांगितलं. माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीत गावकऱ्यांनी ३ डिसेंबरला स्वतःच मतपत्रिकेवर मतदान घेऊन आकडा ताडून बघायचं ठरवलं होतं, आठवतंय? प्रशासनाने जमावबंदी लावली आणि ते झालं नाही. प्रशासनाचं म्हणणं, असं मतदान घ्यायचा अधिकार गावाला नाही. गावाचं म्हणणं, आमचंच मत आहे, आम्हाला मोजू द्या. मला विचाराल तर माझं मत असं की मशीन बंद करू नयेत, पण जास्त केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजाव्यात. त्याचं मत, मतपत्रिकाच हवी. तीन दिवस बोलून दोघांचीही मतं जागची हलली नाहीत. पण आम्ही कशावर भांडतोय ते दोघांनाही नीट कळलं होतं, आणि हे ऑनलाइन क्वचित होतं.

त्या तीन दिवसांत मी त्याचं आडनाव विचारलं नाही. त्याला माझं दिसत होतं, त्याने त्यावर काही केलं नाही. वाघाला मानलं.

आणि अजून एक. दोन दिवसांनी कॉलेजातल्या एका मुलीचा मेसेज आला. तिने तो सगळा वाद गुपचूप वाचला होता. तिचा प्रश्न, “ती चिठ्ठी आपल्या हातात का देत नाहीत? घरी नेता आली तर शंकाच नको.” मी तिला म्हटलं, चिठ्ठी घरी नेता आली तर ज्याने मतासाठी पैसे वाटले तो दारात उभा राहून म्हणेल, दाखव. ती म्हणाली, “अरे हो!” बस. हा ‘अरे हो’ मला वाघाकडून कधीच मिळाला नसता. पण तो वाद झाला नसता तर तिच्याकडूनही नसता मिळाला.

मग मी काय करते

तर, तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर. अर्थ असतो का? असतो, पण समोरचा बदलेल या आशेवर नसतो. जो गप्प बसून वाचतोय त्याच्यासाठी असतो. अशी माणसं भांडणाऱ्यांपेक्षा नेहमीच जास्त असतात. उत्तर लिहिताना मी त्या गप्प माणसाला डोळ्यांपुढे ठेवते. तो शिवीने प्रभावित होत नाही.

पहिल्या उत्तराआधी मी समोरच्याचं म्हणणं माझ्या शब्दांत लिहून विचारते, “तुम्ही हेच म्हणताय ना?” जुन्या ग्रंथांत याला पूर्वपक्ष म्हणतात. आधी दुसऱ्याची बाजू नीट मांडायची, मग आपली. अर्धी भांडणं इथेच संपतात, कारण तो म्हणतो, “नाही, मी तसं म्हणतच नाहीये.”

मग विचारते, “काय दिसलं तर तुमचं मत बदलेल?” हाच प्रश्न स्वतःलाही. समोरचा म्हणाला, “काहीही दिसलं तरी नाही,” तर नमस्कार, शुभ रात्री. तो वाद नाही, तिथे टेस्ट करण्यासारखं काही नाही.

कुणाच्या नावासकट स्क्रीनशॉट मी ग्रुपवर टाकत नाही. माझ्यासाठी ती गंमत असेल, पण त्या माणसाला एक गाव असतं, गल्ली असते, काका असतात.

धर्म, जात, महापुरुष यांचा अपमान करणारा फोटो आला, तर मी तो पुढे पाठवत नाही. राग आला म्हणूनही नाही. ॲपवर रिपोर्ट करते, गंभीर वाटलं तर सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार करते आणि फोनमधून काढून टाकते. २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारे समजून पाच भटक्या माणसांना जमावाने ठार मारलं, तेही मोबाइलवरच्या अफवांमुळे. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात फॉरवर्ड पाच चॅटपुरतं मर्यादित करत असल्याचं सांगितलं. पुढे खूपदा फिरलेल्या मेसेजसाठी ते एकावर आणलं. कंपनीने पाच लोक गेल्यावर पाचचा नियम केला. आपल्याला आपला नियम शून्याचा करायला कुणी अडवलेलं नाही.

आणि ‘तुम्ही लोक’ हे दोन शब्द आले की मी एकदा, फक्त एकदा, म्हणते, “मी एकटीच आहे, मुद्द्यावर या.” तरी नाही आला तर बाहेर. हरले असं कुणी म्हणो. त्यांना जिंकू द्या की.

जिने लिहिलं होतं की आई म्हणते कशाला अंगावर घेतेस, तिला एवढंच सांगते. आईची भीती खोटी नाही. पालघरच्या मुलींच्या आयांनाही तीच वाटली असणार. गप्प राहावंसं वाटलं तर राहा, त्यात कमीपणा नाही. पण बोलावंसं वाटलं तर टोपणनावाने बोल, नीट बोल. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी एका मोठ्या माणसाने तेच केलं होतं.

चला, आता तुमचं काम. एक मत निवडा, राजकारणावरचं किंवा टेक्नॉलॉजीवरचं, ज्यावर तुम्ही हमखास भांडता. ते एका वाक्यात लिहा. त्याच्याखाली दुसरं वाक्य लिहा: काय दिसलं तर मी हे मत बदलेन. दोन्ही मला पाठवा. आडनाव लिहू नका. निवडक घेऊन पुढच्या भागात बोलू. ईव्हीएमवर वाघाची बाजू घेणारे पण पाठवा, मला तुमच्याशी वाद घालायचाय.

काळजी घ्या. भेटू पुढच्या भागात.